मागचा दिवा

१

कडूबाई सायकल शिकली ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळत बसतात. हिनं गुडघे फोडून घेतले आणि वर हसली. सायकल लेकीची, शाळेतून मिळालेली, जांभळी, पुढं टोपली असलेली. लेक लग्न होऊन गंगापूरला गेली आणि सायकल दारामागं धूळ खात पडली. एका रविवारी कडूबाईनं ती बाहेर काढली, रेल्वेलाइनीलगतच्या मोकळ्या जागेत नेली आणि नऊ वेळा पडून दहाव्यांदा चालवली. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. "हसा गं, हसा," ही खाली पडल्या पडल्या म्हणाली, "उद्या डबलसीट मागायला या, मग दाखवते."

कामाला ती बायपासच्या पलीकडं जायची, देवळाईच्या अंगाला. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता, शेतं उघडी-बोडकी पडली होती, पण तिकडं बिल्डिंगांना असा बहर आलेला की विचारू नका. रस्ता नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, नळ तर नाहीच. पाणी टँकरनं यायचं. त्यातल्या एका स्कीममध्ये चार घरांच्या संध्याकाळच्या पोळ्या कडूबाईकडं होत्या. पूर्वी ती रिक्षाची वाट बघत तासतास फाट्यावर उभी राहायची. आता सायकल! सातच्या सुमाराला काम आवरून निघालं की अंगाला वारा लागायचा, आणि उतारावर ती पायडल सोडून मोठ्यानं गायची. ऐकायला कोण होतं? बाभळी.

नवरा कचरू गवंडीकाम करायचा. माणूस लाखात एक, पण भित्रा. बायपासवरचे ट्रक त्यानं बघितले होते.

"दोन्ही अंगाला दिवे लाव," त्यानं सांगितलं. "अन् एकदा जरी काही वंगाळ झालं ना, एकदाच, तर सायकल भंगारात. मंजूर?"

"मंजूर," कडूबाई म्हणाली. तो बोलला की करतो, हे तिला पंचवीस वर्षं ठाऊक होतं.

२

शहागंजात मोहियोद्दीनभाईंचं सायकलचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. वर टायरी, खाली टायरी, मधे चष्म्याला दोरी बांधलेले भाई. गिऱ्हाइकाला वस्तू देण्याआधी त्याची उलटतपासणी घ्यायची त्यांना खोड.

"पुढचा अन् मागचा दिवा द्या," कडूबाई म्हणाली. "चांगला लुकलुक करणारा."

"लुकलुक लग्नाच्या मांडवात लावा, बाई. रस्त्यावर दिवे आहेत?"

"नाय."

"मग पुढं लुकलुक नको. डोळा चकतो, खड्डा समजत नाही. पुढं एकसारखा जळणारा पाहिजे." त्यांनी एक दिवा हँडलला बसवला आणि बोटानं खाली झुकवला. "उजेड जमिनीवर पडला पाहिजे, दहा-बारा पावलांवर. समोरच्याच्या डोळ्यात गेला तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर यायचा. तुमच्याकडं लाइट किती तास जाते?"

"येती किती तास ते इचारा."

"मग चार्जिंगवाला घेऊ नका, सेलवाला घ्या. दोन सेल जास्तीचे, फडक्यात बांधून टोपलीत ठेवा. दुसऱ्या कशाला लावायचे नाहीत."

"माझ्या बापाच्या सायकलीला डायनामो व्हता," कडूबाईला आठवलं. "चाकाला टेकवला की घुर्र करायचा. त्यो नाय का?"

भाईंनी कानाला हात लावले. "डायनामो चाकावर जगतो. चाक थांबलं की दिवा खतम. तुम्ही रेल्वे गेटपाशी उभ्या राहिलात की मागच्या ट्रकवाल्यासाठी तुम्ही दुनियेतच नाहीत. ती चीज आता कुणी लावत पण नाही. शेवटचा मी विकला, त्याला पंधरा-वीस साल झाले."

मग त्यांनी कॅरिअरच्या टोकाला लाल दिवा आवळून बसवला आणि उठून उभे राहिले. आता ते खरं बोलणार, हे त्यांच्या चष्म्यावरूनच कळलं.

"पुढचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून. मागचा दिवा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. आणि मागचा आपल्या स्वतःला कधी दिसत नसतो, बाई. म्हणून रोज निघायच्या आधी मागं जाऊन डोळ्यांनी बघायचं. कसम खा."

"खाल्ली."

"कॅरिअरवर काही बांधता?"

"काय नाय," ती म्हणाली. ताकाला जायचं अन् भांडं लपवायचं, अशातली गत. पण तिचाही इलाज नव्हता.

३

गोष्ट अशी होती की कॅरिअरवर पाणी असायचं.

चार घरांतलं एक घर नीरजाताईंचं. बँकेत नोकरी, एकटीच राहायची, मन मोठं. कडूबाईच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी यायचा हे कळल्यावर ती रोज दोन कॅन भरून द्यायला लागली. पण सोसायटीनं लिफ्टशेजारी कागद चिकटवला होता: टँकरचं पाणी कुणीही बाहेर देऊ नये. वॉचमनला तर सक्त ताकीद. म्हणून कडूबाई रीतसर पुढच्या गेटनं निघायची. निघताना दिवे लावायची, मागं जाऊन लाल दिवा बघायची, कसम खाल्ली होती ना. मग वळसा घालून मागच्या भिंतीपाशी यायची. नीरजाताई भिंतीवरून कॅन खाली सोडायची. कडूबाई ते कॅरिअरच्या दोन अंगांना अडकवायची आणि कुणाला दिसू नयेत म्हणून वरून ओलं गोणपाट टाकायची, पार खालपर्यंत. पाणीही गार राहायचं.

"काकू, जपून जा हं," नीरजाताई वरून कुजबुजायची.

"जपायचं तुम्ही. पडाल भिंतीवरून, मग माझ्या पोळ्या कोण खाईल?"

तिथून बायपासपर्यंत दीड किलोमीटर कच्चा रस्ता. एका अंगाला बाभळी, एका अंगाला अर्धवट बांधलेल्या स्कीमची लांबच लांब पांढरी भिंत. मग बायपासवर थोडं अंतर, मग रेल्वे गेट. गेटपाशी कचरू बॅटरी घेऊन उभा असायचा, रोज. ती लांबून दोनदा घंटी वाजवायची, तो बॅटरी हलवायचा आणि पुढं पुढं चालत घराकडं निघायचा. असे थंडीचे दोन महिने अगदी मजेत गेले. टँकरवालेसुद्धा तिला बघून लांबून वळसा घालून जायचे, तेव्हा कडूबाई मोहियोद्दीनभाईंना मनातल्या मनात दुवा द्यायची.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती गात गात पांढऱ्या भिंतीशेजारून चालली होती. सहज मान वळवली तर भिंतीवर तिची सावली. सायकल, टोपली, डोक्यावरचा पदर, सगळं स्पष्ट. ती स्वतःवरच खूश झाली. दहा-वीस पायडलं मारली आणि मग तिचं गाणं तोंडातच राहिलं.

सावली तिच्या पुढं चालली होती. दिवाही तिच्या पुढंच होता. मग सावली पाडणारा उजेड कुठला?

४

मागं बघायचं तर सायकल डगमगणार, आणि सायकल डगमगली की पाणी सांडणार. कडूबाई आधी थांबली, पाय टेकला, मग वळली. अंधार. नुसता अंधार, आणि लांब बायपासवरच्या ट्रकांचा आवाज. भिंतीवरची सावलीही गेली होती.

"चंद्र असंल," ती स्वतःला म्हणाली आणि वर बघितलं. अवस जवळ आली होती, आभाळात चंद्राचा पत्ता नव्हता.

पुन्हा निघाली. चार पायडलं झाली नाहीत तोच भिंतीवर पिवळसर उजेड चढत गेला, आणि तिची सावली पुन्हा पुढं येऊन चालायला लागली. आता तिनं कान दिला. तिच्या साखळीची करकर, कॅनमधल्या पाण्याची डुचमळ, आणि त्याच्याही मागं, बारीक, एकसुरी: घुर्रर्र.

तो आवाज तिनं बापाच्या सायकलीवर पुढच्या दांडीवर बसून ऐकला होता.

त्यानंतर रोज. भिंत सुरू झाली की घुर्रर्र, आणि गेट आलं की बंद. ती जोरात गेली तर उजेड वाढायचा, हळू झाली तर मंदावायचा. थांबली की विझायचा. कडूबाई अडाणी असेल, पण बुद्धू नव्हती. तिनं सरळ हिशेब मांडला: भुताला डायनामो कशाला लागतो? म्हणजे माणूस. डायनामो लावलेली जुनी सायकल घेऊन एखादा माणूस रोज आपल्या मागं येतो, आणि आपण थांबलो की थांबतो. हा विचार भुताच्या विचारापेक्षा वाईट निघाला.

दुसऱ्या दिवसापासून टोपलीत लाटणं आलं. चांगलं शिसवी, जड.

आठव्या दिवशी तिचं डोकं सणकलं. ती थांबली, पुढचा दिवा हँडलवरून उपसून हातात घेतला, दुसऱ्या हातात लाटणं, आणि आली त्या वाटेनं माघारी चालत निघाली. "कोण हाय रं? बाईमाणूस बघून मागं लागतो व्हय? ये की समोर, तुझी पोळीच लाटते!"

बाभळी, भिंत, धूळ. माणूस नाही, सायकल नाही. वीसेक पावलांवर तिच्या दिव्याच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी काळं दिसलं. ती वाकली. धुळीत दोन ओले ठसे होते, शेजारी शेजारी. भरलेलं भांडं टेकवून उचलावं तसे. तिनं बोट लावलं. पाणी होतं, गार. टँकर गळला असेल, असं ती म्हणणार होती. पण ठसे चौकोनी होते. असले चौकोनी पत्र्याचे डबे तिनं फार लहानपणी बघितले होते. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई घासलेटच्या रिकाम्या डब्यांनी पाणी आणायची.

ती सायकलीवर बसली ती गेट येईपर्यंत पायडल मारायची थांबली नाही.

५

"काय झालं? धापा का टाकतीस?" कचरूनं बॅटरी तिच्या तोंडावर मारली.

"शर्यत लावली व्हती."

"कुणासंगं?"

"वाऱ्यासंगं! अन् बॅटरी खाली करा आधी, डोळे दिपले."

सांगितलं असतं तर तो काही चिडला नसता. निमूटपणे दुसऱ्या दिवशी सायकल भंगारवाल्याकडं घेऊन गेला असता. आणि कडूबाईला त्या सायकलीवाचून आता करमत नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांत तिला कुणी एकटीला, आपल्या वेगानं, आपल्या मर्जीनं कुठं जाऊ दिलं होतं? संध्याकाळचा तो अर्धा तास तिचा होता. तो जाऊ द्यायला ती तयार नव्हती. म्हणून रात्री तिनं उलट बाजूनं विचार करायला घेतला. त्यानं आपलं काही वाकडं केलं का? नाही. जवळ आला? कधीच नाही. वीस पावलं म्हणजे वीसच पावलं. मग भ्यायचं कशाला? तरी ती भ्याली, आणि कूस बदलत राहिली.

रविवारी ती ब्रेक आवळायच्या निमित्तानं शहागंजात गेली.

"भाई, डायनामो लावून आजकाल कोण फिरतं हो?"

"कुणीच नाही. का?"

"असंच."

मोहियोद्दीनभाईंनी चष्म्यातून तिच्याकडं बघितलं. मग काही न विचारता एक छोटा गोल आरसा काढला आणि हँडलला बसवून दिला. "मागं वळून बघू नका. वळलं की सायकल वळते. इथं बघायचं. आणि मागचा दिवा रोज बघता ना?"

"रोज! तुमची कसम."

आरशात तिला पिवळा ठिपका दिसायचा. पायडल मारावं तसा कमी-जास्त होणारा. बस, तेवढंच. त्या ठिपक्याच्या मागं काय आहे ते त्याच्याच उजेडामुळं दिसत नव्हतं.

६

मे महिन्यात एका संध्याकाळी वावटळ उठली. सगळीकडची लाइट गेली. स्कीमच्या बिल्डिंगा काळ्याठिक्कर झाल्या. नीरजाताई म्हणाली, "काकू, थांबा आज." पण न जाऊन कसं चालेल? गेटपाशी कचरू वाट बघणार, आणि उशीर झाला की अंधारात हाका मारत बायपासवर येणार. ती निघाली.

भिंत सुरू झाली आणि पुढचा दिवा लाल होत होत विझला. सेल संपले. कडूबाईनं टोपलीतलं फडकं सोडलं. आत सेल नव्हते. तिला एकदम आठवलं, सकाळी भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ टिकटिक करत होतं, आणि कचरू मोठा शूरपणा केल्यासारखा त्याच्याकडं बघत होता.

"मुडदा बशिवला त्या घड्याळाचा!" ती ओरडली. धूळ डोळ्यांत जात होती. आपलाच हात आपल्याला दिसेना.

घुर्रर्र.

पिवळा उजेड मागून आला आणि रस्त्यावर पसरला. आज मधे दुसरा दिवा नव्हता. खड्डे दिसले, दगड दिसले, आणि रस्त्याच्या मधोमध तिची स्वतःची लांबलचक सावली. एकदम तिच्या ध्यानात आलं: थांबलं की हा उजेड विझणार. आजपर्यंत ती थांबून त्याला घालवत आली होती. आज थांबायची सोय नव्हती. मागून टँकरची घरघर ऐकू यायला लागली होती, आणि धुळीत त्या टँकरवाल्याला डोंबलाचं काही दिसणार नव्हतं.

"चला मग," कडूबाई मोठ्यानं म्हणाली. कुणाला म्हणाली देव जाणे. "मी थांबत नाय. तुम्ही बी थांबू नका."

तिनं पायडल मारलं. मागची घुर्रर्र वाढली. उजेड वाढला. सावलीमागं सायकल हाकत ती भिंत ओलांडून बायपासला लागली. टँकर जवळ, आणखी जवळ, कर्कश हॉर्न, आणि मग तो इतका लांबून वळसा घालून गेला की पलीकडचं चाक मुरुमात उतरलं. वाऱ्याच्या झोताबरोबर पाण्याचे चार थेंब तिच्या तोंडावर उडाले. कडूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. भीतीचं होतं म्हणावं तर ती हसत होती.

७

रेल्वे गेट बंद होतं. तोच टँकर गेटपाशी उभा, ड्रायव्हर खाली उतरून चाक बघत होता. तिशीतला पोरगा, गळ्यात रुमाल. सरफराज त्याचं नाव; रोज त्याच रस्त्यानं टँकर न्यायचा. गेटच्या पलीकडं कचरूची बॅटरी हलत होती. तेवढ्यात मालगाडी आली आणि डब्यांच्या फटींतून ती बॅटरी लुकलुकायला लागली.

"मौसी, चचा कुठं राहिले?" गाडीच्या आवाजावर सरफराज ओरडला.

"कोण चचा?"

"तुमच्या मागं असतात ना रोज, सायकलवर. लाल दिवावाले."

कडूबाईनं सायकल त्याच्याजवळ नेली. "तुला दिसतात?"

"दिवा दिसतो. बारीक, मंद. जुन्या टाइपचा. आम्ही सगळे टँकरवाले ओळखतो त्याला. तो दिसला की लांबून घ्यायचं, म्हणजे पुढं तुम्ही असता."

"अन् चेहरा?"

"चेहरा कशाला बघू मौसी? टँकर चालवतो मी."

"आरं, तो माझाच दिवा असंल. माझ्या कॅरिअरला हाय लाल दिवा."

सरफराज सायकलीच्या मागं गेला, वाकला, आणि सरळ झाला. "कुठंय? तुमच्या गाडीला तर मागं काहीच नाही. नुसतं पोतं."

कडूबाई उतरली. मागं गेली. रोज निघताना मागं जाऊन बघायची, पण ते पुढच्या गेटला, कॅन चढवायच्या आधी. कॅन चढवल्यावर एकदाही नाही. तिनं ओलं गोणपाट हातानं वर उचललं. आत लाल दिवा जळत होता. पाच महिने रोज इमानेइतबारे जळत होता, आणि गोणपाटाला आतून उजेड दाखवत होता.

"या अल्ला!" सरफराज म्हणाला. "म्हणजे तुम्ही..."

मालगाडी संपली. एकदम शांत झालं. दोघांनीही मागं, बायपासकडं बघितलं. तिकडं धूळ खाली बसत होती आणि रस्ता रिकामा होता.

८

त्या रात्री तिनं कचरूला गोणपाटाचं सांगितलं. नुसतं गोणपाटाचं. ते लपवणं म्हणजे उद्या मरणं, एवढं तिला कळत होतं.

कचरूनं बोटांवर महिने मोजले. "पाच महिने," तो म्हणाला. "पाच महिने तू बिनदिव्याची." ताट तसंच सारून तो उठला.

सकाळी दारात सायकल नव्हती. कचरूही नव्हता. कडूबाई उंबऱ्यात बसली आणि पोरीसारखी रडली. शेजारची सारजाबाई विचारायला आली, तिलाही हिनं धड उत्तर दिलं नाही. दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. कचरू सायकल हातात धरून चालत येत होता, कारण त्याला चालवता येत नव्हती. कॅरिअरच्या मागं एक हातभर लोखंडी दांडी जोडलेली होती, आणि तिच्या टोकाला, कुठलंही पोतं पोहोचणार नाही अशा जागी, लाल दिवा.

"भाईंनी दुकान उघडायच्या आधी बसवून दिला," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "लई शिव्या घातल्या त्यांनी. तुला बी, मला बी. अन् घड्याळातले सेल काढून टोपलीत टाकलेत."

"भंगारात देणार व्हता ना?"

"काही वंगाळ झालं तर म्हणलो व्हतो. झालं का काही? नाय झालं." त्यानं नाक ओढलं. "मग?"

त्या संध्याकाळी पांढऱ्या भिंतीशेजारी तिनं कान टवकारले. साखळीची करकर, पाण्याची डुचमळ. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. टँकर पूर्वीसारखेच लांबून वळसा घालून जात होते. आता तिचा स्वतःचा दिवा त्यांना दिसत होता. सगळं जिथल्या तिथं झालं होतं, आणि तिला मात्र चुकल्यासारखं वाटत होतं. एकदा ती भिंतीपाशी थांबलीसुद्धा. "दमलात का?" तिनं अंधाराला विचारलं, आणि स्वतःच लाजून पुढं निघाली.

९

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्या पुढं एक सायकल चालली होती. पोरगी, विशीची, दोन्ही अंगांना पाण्याचे कॅन, आणि मागं दिव्याचं नाव नाही. कडूबाईनं वेग वाढवला नाही. वीस पावलं अंतर ठेवलं आणि मागं मागं राहिली. तिच्या दिव्यानं पोरीची सावली भिंतीवर पुढं पाडली.

पोरगी थांबली, वळली, आणि किंचाळायच्या बेतात आली.

"घाबरू नको गं, मी हाय, कडूबाई. पोळ्यावाली. तुझं नाव काय?"

"रुक्सार. तिकडं नव्या बुटीकमध्ये शिलाईला जाते. मावशी, माझा तर जीवच गेला होता!"

"मागं दिवा का नाय तुझ्या?"

"आहे की! हा काय..." रुक्सारनं मागं हात नेला, आणि कॅनखाली चेपलेला दिवा तिच्या हाताला लागला. "हाय अल्ला!"

कडूबाई इतकी हसली की सायकल पडता पडता वाचली. "रविवारी माझ्यासंगं शहागंजाला ये. शिव्या खायची तयारी ठेव. आता चल पुढं, मी मागं हाय. अन् बायपास लागला की थांबू नको."

दोघी निघाल्या. रुक्सार पुढं, कडूबाई मागं, दांडीवरचा लाल दिवा सगळ्यात मागं. कडूबाई गायला लागली. पोरगी पण गुणगुणायला लागली. भिंतीवर रुक्सारची सावली डुलत होती. आणि मग तिच्या मागोमाग, हळूच, पिवळ्या उजेडात कडूबाईची स्वतःची सावली चढत आली. टोपली, डोक्यावरचा पदर.

घुर्रर्र.

तिनं गाणं थांबवलं नाही. बायपासवर वळताना समोरून एक ट्रक आला, त्याच्या झगझगीत उजेडात क्षणभर सगळा रस्ता उजळला, आणि तिनं आरशात बघितलं. वर-खाली होणारे दोन गुडघे. हँडलला दोन अंगांना लटकलेले दोन चौकोनी पत्र्याचे डबे, डचमळून सांडणारे. कॅरिअर मोकळं होतं. मागचा दिवा झाकेल असं काहीच मागं बांधलेलं नव्हतं.

ट्रक गेला. आरशात फक्त ठिपका उरला.

गेट उघडं होतं. तिनं दोनदा घंटी वाजवली, पलीकडून बॅटरी हलली. रुक्सार हात करून आपल्या वाटेला गेली. कडूबाई थांबली, आणि मागची घुर्रर्र थांबली. कचरू आता रोज सायकलीच्या मागं जाऊन दिवा बघायचा. आजही गेला. बराच वेळ आला नाही.

"काय बघताय?"

"हितं ओलं कशानं झालं गं?" तो सायकलीच्या मागं, रस्त्यावर दहा-वीस पावलं लांब उकिडवा बसला होता. बॅटरीच्या उजेडात दोन चौकोनी ठसे होते. त्यानं तळवा टेकवला. "गार हाय. असले चौकोनी डबे बहात्तरात बघितले व्हते."

आता काय होतंय, सायकल राहतेय की जातेय, एवढंच कडूबाई बघत होती. कचरूनं बॅटरी वर उचलली आणि बायपासच्या दिशेनं धरली. भित्रा माणूस, पण हात हलला नाही. मग त्यानं बॅटरी विझवली, ओला हात कपाळाला लावला आणि उठला.

"उद्यापासून मी गेटपर्यंत येत नाय," तो म्हणाला. "सोबत हाय तुला. म्हणूनच पाच महिने बिनदिव्याची निभावलीस."

"या की वो," कडूबाई म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं होतं. "त्यांना बी घरी जायला उशीर व्हतो. निदान हितनं पुढं तरी तुम्ही सोडा मला."